वाचकांचे प्रश्न : बावन्नाव्या वर्षी आईस हॉकी

प्रश्न : कॅनडाचे गॉर्डी हाउ वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत व्यावसायिक आईस हॉकी खेळले, तेही स्वतःच्या मुलांबरोबर, असे वाचनात आले. इतक्या धसमुसळ्या खेळात हे शक्य आहे का?

उत्तर : माहिती खरी आहे. हाउ यांचा जन्म ३१ मार्च १९२८ रोजी सस्कॅचेवन प्रांतात झाला, त्यामुळे १९७९-८० च्या अखेरच्या मोसमाचा बहुतेक काळ ते एक्कावन्न वर्षांचे होते आणि मोसम संपता संपता त्यांनी बावन्न वर्षे पूर्ण केली. त्या मोसमातील ऐंशीच्या ऐंशी सामने ते खेळले आणि त्यांनी पंधरा गोल केले.

या खेळात खेळाडू बर्फावर सलग जेमतेम मिनिटभर राहतो आणि खेळ चालू असतानाच बदली खेळाडू आत येतो. ही पद्धत वय झालेल्या खेळाडूला सोयीची असली, तरी तेवढ्याने हाउ यांची कारकीर्द उलगडत नाही. १९५० च्या मार्चमध्ये टोरांटोविरुद्धच्या सामन्यात ते मैदानाच्या कठड्यावर इतक्या जोरात आदळले की कवटीला तडा गेला आणि मेंदूवरील दाब कमी करण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागली. तरीही पुढच्याच मोसमात ८६ गुण (स्वतःचा गोल किंवा सहकाऱ्याच्या गोलला साहाय्य, प्रत्येकी एक गुण) मिळवून ते एनएचएल म्हणजे नॅशनल हॉकी लीगमध्ये पहिले आले. माझ्या मते त्यांची खरी ओळख या पुनरागमनात आहे. डावखुऱ्या आणि उजव्या, दोन्ही पद्धतींनी फटका मारता येणे ही तर निसर्गाची देणगीच होती.

डेट्रॉइट रेड विंग्जकडून पंचवीस मोसम खेळल्यावर १९७१ मध्ये दुखऱ्या मनगटामुळे ते निवृत्त झाले आणि क्लबच्या कचेरीत बसू लागले; पण त्या कामात त्यांचे मन रमले नाही. १९७३ मध्ये वर्ल्ड हॉकी असोसिएशन या नव्या लीगमधील ह्यूस्टन एरोजने मार्क आणि मार्टी या त्यांच्या मुलांना करारबद्ध केले, तेव्हा मनगटाच्या शस्त्रक्रियेनंतर वडीलही त्याच संघात दाखल झाले. पहिल्याच मोसमात त्यांनी शंभर गुण मिळवले, ते लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले आणि संघाने विजेतेपदही पटकावले. पंचेचाळिशी उलटलेल्या बापाने मुलांच्या शेजारी बाकावर बसून आपली पाळी येण्याची वाट पाहावी, हे दृश्य मला कोणत्याही विक्रमापेक्षा मोठे वाटते.

पुढे १९७७ मध्ये तिघेही न्यू इंग्लंड व्हेलर्स संघात गेले. हाच संघ १९७९ मध्ये हार्टफर्ड व्हेलर्स या नावाने एनएचएलमध्ये सामील झाला आणि हाउ पुन्हा जुन्या लीगमध्ये आले. फेब्रुवारी १९८० चा ऑल-स्टार सामना, म्हणजे लीगमधील निवडक खेळाडूंचा सामना, नेमका डेट्रॉइटला होता. त्यात पुढे या खेळातले महान खेळाडू ठरलेले, तेव्हा एकोणीस वर्षांचे वेन ग्रेट्झकीही खेळत होते. खेळाडूंची ओळख करून देताना निवेदकाने हाउ यांना अगदी शेवटी ठेवले आणि त्यांचे नाव न घेता फक्त त्यांच्या जर्सीवरचा नऊ क्रमांक पुकारला. प्रेक्षक उभे राहिले आणि टाळ्या कितीतरी वेळ थांबेनात. हाउ मात्र स्केटवर संकोचून जागच्या जागी हलत राहिले.