क्रिटामध्ये रेष जाड-बारीक येते, फोटोशॉपमध्ये मात्र एकसारखीच. पेन बिघडलंय का?

निब बदलू नका, आणि पेन परत पाठवायच्या भानगडीतही आत्ताच पडू नका.

तुम्ही लिहिलंय की चित्रं काढायचा आधीचा टॅबलेट वेगळ्या कंपनीचा होता, तो बंद पडल्यावर हा नवा घेतला आणि विंडोजवर त्याचा ड्रायव्हर, म्हणजे टॅबलेट संगणकाशी जोडणारं सॉफ्टवेअर, टाकला. आता क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये हात दाबला की रेष जाड होते, पण फोटोशॉपमध्ये कितीही दाबा, जाडी तीच. दुकानदार म्हणतो निब, म्हणजे पेनाचं टोक, झिजली. दुकानदाराचं सोडून द्या. ज्या पेनाचं प्रेशर एका सॉफ्टवेअरमध्ये नीट चालतंय, त्याचा सेन्सरही ठीक आहे आणि टॅबलेटही. निब म्हणजे तशीही नुसती प्लॅस्टिकची काडी. ती मागच्या भागाला ढकलते, आणि बिनबॅटरीच्या बऱ्याच पेनांत त्या ढकलण्याने आतल्या सर्किटची वारंवारता किंचित बदलते. टॅबलेट तो बदल मोजतो. काडी झिजली तर तिला एका बाजूने धार येते आणि टॅबलेटवर ओरखडे पडतात. पण झिजलेली निब क्रिटात चालून फोटोशॉपमध्ये रुसून बसेल, असं होत नाही.

अडचण मधे आहे. विंडोजवर पेनाचं प्रेशर सॉफ्टवेअरपर्यंत पोचायला दोन वेगळे रस्ते आहेत. जुना रस्ता म्हणजे विनटॅब. हा १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ठरला, त्या वेळी विंडोजला स्वतःला पेन म्हणजे काय ते फारसं माहीत नव्हतं, म्हणून टॅबलेट बनवणाऱ्यांसाठी एक सामाईक पद्धत बाहेरून आली. नंतर २००२ साली मायक्रोसॉफ्टने एक्सपीची टॅबलेट पीसी आवृत्ती काढली आणि पेनासाठी स्वतःची पद्धत आणली. आज ड्रायव्हरच्या खिडकीत 'विंडोज इंक' नावाची जी खूण दिसते, ती याच दुसऱ्या रस्त्याची. गंमत अशी की दुसरा आला म्हणून पहिला बंद झाला नाही. दोन्ही चालू राहिले आणि कोणतं सॉफ्टवेअर कुठे कान लावून बसलंय हे वापरणाऱ्याने ओळखायचं, अशी वेळ आली.

फोटोशॉप सीसी २०१४पासून आपणहून विंडोजच्या पद्धतीकडे बघतं. क्रिटा मात्र विंडोजवर, तुम्ही काही बदललं नसेल तर, विनटॅबकडे बघतं. म्हणजे तुमचा ड्रायव्हर विनटॅबवर प्रेशर पाठवतोय आणि विंडोज इंकवर पाठवत नाहीये. तुमच्या लक्षणाचा अर्थ बहुतेक एवढाच.

तेव्हा आधी हे करा. टॅबलेटच्या ड्रायव्हरची खिडकी उघडा आणि 'विंडोज इंक'ची चौकट शोधा. काही कंपन्या ती पेनाच्या सेटिंगमध्ये ठेवतात, वॅकॉमसारख्या 'मॅपिंग'मध्ये. ती टिक करा, फोटोशॉप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा आणि रेष मारून बघा. इतक्यात सुटलं तर उत्तम. मग क्रिटातलं प्रेशर गेलं तर घाबरू नका: काही ड्रायव्हर इंक चालू केलं की विनटॅबवर प्रेशर पाठवणं थांबवतात. क्रिटाच्या 'कॉन्फिगर क्रिटा'मध्ये टॅबलेट सेटिंग्ज आहेत, तिथे विनटॅबऐवजी 'विंडोज ८+ पॉइंटर इनपुट' निवडा आणि क्रिटा पुन्हा सुरू करा. तिथेच एक टॅबलेट टेस्टरही आहे, पेन टेकवलं की प्रेशरचे आकडे दाखवतो. क्लिप स्टुडिओ पेंट हे चित्रकलेचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये टॅबलेट विभागात 'विनटॅब' आणि 'टॅबलेट पीसी' अशी निवड मिळते. सगळी सॉफ्टवेअर एकाच रस्त्यावर आणून ठेवा, निम्मा त्रास तिथेच संपतो.

इंक चालू केल्यावर एक नवीन कटकट सुरू होते, ती आधीच सांगून ठेवतो. पेन एका जागी धरलं की त्याभोवती गोल कडं उमटतं आणि राइट क्लिक होतं. बारीक, सावकाश रेष काढताना तर फार छळतं. कंट्रोल पॅनेलमध्ये 'पेन अँड टच' उघडा, 'प्रेस अँड होल्ड'च्या सेटिंगमध्ये जाऊन राइट क्लिकची टिक काढून टाका.

काही जणांना इंकवर रेषेची सुरुवात अडखळल्यासारखी वाटते. मला स्वतःला फोटोशॉप विनटॅबवरच आवडतं. तसं करायचं तर इंकची टिक काढा आणि फोटोशॉपला सांगा की जुन्या रस्त्याने ये. त्यासाठी नोटपॅडमध्ये एक साधी मजकूर फाइल करायची, नाव 'पीएसयूजरकॉन्फिग', आत एकच ओळ: 'यूजसिस्टिमस्टायलस', मग एक जागा सोडून शून्य. अर्थात दोन्ही रोमन अक्षरांत. पहिल्या नावातली पी, एस, यू, सी आणि ओळीतली यू, एस, एस ही अक्षरं मोठी, आणि शब्द जोडून. ही फाइल तुमच्या 'ॲपडेटा' फोल्डरमधल्या 'रोमिंग'मध्ये, अडोबीच्या फोल्डरात, तुमच्या आवृत्तीच्या 'सेटिंग्ज'मध्ये ठेवायची. 'ॲपडेटा' लपवलेलं असतं, म्हणून एक्सप्लोररमध्ये लपवलेल्या गोष्टी दाखवायची टिक आधी लावा. नको वाटलं तर फाइल पुसून टाका, फोटोशॉप पूर्ववत.

या दोन्हींनी काम झालं नाही तर जुन्या टॅबलेटच्या ड्रायव्हरवर संशय घ्या. विनटॅबची एक फाइल विंडोजच्या सिस्टिम फोल्डरात असते आणि बहुतेक कंपन्यांचे ड्रायव्हर तिच्या जागी आपली आवृत्ती बसवतात. दोन कंपन्यांचे ड्रायव्हर एकाच यंत्रावर असले की कोणाची फाइल राहिली हे नशिबावर. तुमच्याकडे क्रिटा चालतंय म्हणजे विनटॅब सध्या शाबूत आहे, पण लक्षण उलटं असतं, म्हणजे फोटोशॉप चालतंय आणि क्रिटा किंवा पेंट टूल साई हे जुनं चित्रकलेचं सॉफ्टवेअर चालत नाही, तर मी थेट इथूनच सुरुवात केली असती. दोन्ही ड्रायव्हर काढा, संगणक रीस्टार्ट करा, मग फक्त नव्या टॅबलेटचा ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून टाका. खोक्यातल्या सीडीवरचा नको.

हे सगळं करण्याआधी एक गोष्ट मात्र फोटोशॉपच्या आतच बघून घ्या. ब्रश सेटिंग्जमध्ये 'शेप डायनॅमिक्स' उघडा. 'साइज जिटर'खाली 'कंट्रोल'मध्ये 'पेन प्रेशर' निवडलेलं आहे का? नसेल तर तो ब्रशच प्रेशर मानत नाही, ड्रायव्हरचा काही संबंध नाही. निवडलेलं असून शेजारी उद्गारचिन्हाचा छोटा त्रिकोण दिसत असेल, तर फोटोशॉपला पेन सापडलेलंच नाही आणि वरचं सगळं लागू. त्रिकोण नाही, तरी रेष सारखी, तर दुसऱ्या ब्रशने बघा. वरच्या पट्टीतही आकार आणि अपारदर्शकता प्रेशरवर चालवायची दोन बटणं असतात, ती चुकून दाबली गेली की ब्रशच्या स्वतःच्या सेटिंगवर वरचढ होतात.

तुम्ही दिवाळी अंकांच्या शीर्षकांची अक्षरंही काढता म्हणालात. त्या कामाला प्रेशर मुळात बंद ठेवा. बोरूच्या अक्षरातली जाडी दाबातून येत नाही, तिरक्या कापातून येते. 'ब्रश टिप शेप'मध्ये गोलाई कमी करून चपटा ब्रश करा, कोन तुमच्या हातातल्या बोरूच्या कापासारखा ठेवा आणि आकार स्थिर. प्रेशर चालू असेल तर शिरोरेघ मधेच पोट काढते आणि अक्षर गबाळं दिसतं. प्रेशर हवं ते कुंचल्यासारख्या रेषेला.

खोक्यावर लिहिलेल्या प्रेशरच्या ८१९२ पातळ्यांबद्दल विचारलंत. तेरा बिटांची मोजणी, इतकंच. २०४८ पातळ्यांच्या जुन्या टॅबलेटवरही लोकांनी उत्तम काम केलं आहे. हाताला जाणवतं ते किती हलक्या स्पर्शाला पेन जागं होतं हे, आणि ड्रायव्हरमधला प्रेशर कर्व्ह, म्हणजे किती दाबाला किती जाडी हे ठरवणारी रेघ. तुमचा हात जड असेल तर कर्व्ह बदला, म्हणजे पूर्ण जाडीसाठी जास्त दाबावं लागेल आणि मधल्या जाड्या हाताला सापडतील.

मॅकवर हा दोन रस्त्यांचा गोंधळ नाही. तिथे बहुतेक वेळा परवानगी राहिलेली असते: 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' आणि 'इनपुट मॉनिटरिंग' या दोन्ही ठिकाणी टॅबलेटच्या ड्रायव्हरला मुभा द्यावी लागते.

आणि बहिणीसाठी आयपॅड घ्यायचा, त्याबद्दल विचारलंत ते. तिथे ॲपलच्या पेन्सिलला ड्रायव्हर लागत नाही, त्यामुळे ही डोकेदुखी नाही, पण पेन्सिल बघून घ्या. २०१५ची पहिली, २०१८ची दुसरी आणि २०२४ची प्रो, या तिन्हींना प्रेशर आहे. २०२३ साली आलेल्या यूएसबी-सीवाल्या स्वस्त पेन्सिलला तिरकेपणा कळतो, प्रेशर कळत नाही. बाजारातल्या इतर कंपन्यांच्या बऱ्याच पेन्सिलींचं तसंच, जाहिरातीत 'टिल्ट' (तिरकेपणा) आणि 'पाम रिजेक्शन' (तळहात टेकला तरी रेष न उमटणं) मोठ्या अक्षरांत असतं आणि प्रेशरचा उल्लेखच नसतो. शिवाय प्रत्येक पेन्सिल प्रत्येक आयपॅडला चालत नाही, तेव्हा आधी आयपॅडचं मॉडेल ठरवा, मग त्याला चालणारी पेन्सिल. दुकानात नोट्स ॲप उघडून त्यातलं पेन्सिलचं साधन निवडा आणि एक रेष हलक्या हाताने आणि एक दाबून मारा. दोन्ही सारख्याच दिसल्या तर चित्रकलेसाठी ती घेऊ नका.