सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवायचं की पोलिसांना?

प्रश्न : लालबागला आमचं छोटं अकाउंटिंगचं ऑफिस आहे, परवा सर्व्हरवरच्या सगळ्या फाइल्स लॉक झाल्या आणि पैसे मागणारा मेसेज आला. सर्ट-इनवाले चोर पकडतात का हो?

उत्तर : नाही ताई, ते पोलिसांचं काम, तक्रार तिकडे वेगळी करा. सर्ट-इन २००४ पासून आहे, केंद्राच्या आयटी मंत्रालयाखाली, हल्ल्यांची माहिती गोळा करायची, इशारे द्यायचे, सिस्टीम सावरायला मदत करायची असं त्यांचं काम, आणि २०२२ च्या आदेशाप्रमाणे हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवावं लागतं, तुमचा वेळ गेलाय तरी आत्ता कळवाच. आणि फॉरमॅट मारायची घाई नको प्लीज, पुरावाच जातो, लॉग, म्हणजे सिस्टीमवर काय काय झालं त्याच्या नोंदी, तर १८० दिवसांचे ठेवावे लागतात. खात्यातून पैसे गेले असतील तर सगळ्यात आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.