मुलीला फक्त मुलींच्या शाळेत घालावं की मुलामुलींच्या?

तुमची लेक चौथीत, घर घाटकोपरला. पाचवीला घराजवळची मुलामुलींची शाळा की दादरची फक्त मुलींची, हा तुमचा प्रश्न. आणि घरातली मोठी माणसं म्हणतायत की मुलींच्या शाळेचा निकाल चांगला लागतो. मी माध्यमिकला विज्ञान शिकवते. आधी गिरगावातल्या एका मुलींच्या शाळेत होते, आता उपनगरातल्या मुलामुलींच्या शाळेत आहे. माझं मत घराजवळच्या शाळेला, पण एका अटीवर.

आधी निकालाचं बघू. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ जॅनेट हाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये 21 देशांतले 184 अभ्यास एकत्र तपासले, सुमारे 16 लाख विद्यार्थ्यांचे. घरची परिस्थिती, आधीचे गुण वगैरे जिथे नीट लक्षात घेतलं होतं, तिथे फक्त मुलींच्या किंवा फक्त मुलांच्या शाळांचा फायदा जवळजवळ उरलाच नाही. उलट उदाहरणही आहे: दक्षिण कोरियात सोलमध्ये विद्यार्थ्यांना हायस्कूल चिठ्ठी टाकून मिळायचं, आणि तिथे मुलींच्या व मुलांच्या वेगळ्या शाळांचे गुण थोडे वरचढ निघाले. म्हणजे हा मुद्दा निर्विवाद नाही. पण आपल्याकडे ज्या शाळांच्या निकालाचं नाव निघतं, तिथे येणाऱ्या मुलीच बहुतेक अभ्यासाचं वातावरण असलेल्या घरांतल्या असतात, हे विसरू नका.

मुंबईत मुलींच्या शाळा सुरू झाल्या त्याला सबळ कारण होतं. 1849 मध्ये दादाभाई नौरोजी आणि एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेतल्या इतर तरुणांनी मुलींसाठी मराठी आणि गुजराती वर्ग काढले, तेव्हा मुलांबरोबर बसवायचं म्हटलं असतं तर मुली आल्याच नसत्या.

आता अट. दहावीला बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर काढायचा प्रयोग असतो. मुलींच्या शाळेत भिंग सरकवायला, पडद्यावर खिडकीची प्रतिमा स्पष्ट आणायला, टेबल ओढायला मुलीच. पंधरा ऑगस्टला माईक जोडायलाही त्याच. नव्या शाळेत पहिल्याच तुकडीत पाहिलं, भिंग मुलांच्या हातात आणि मुली बाजूला बसून जर्नलमध्ये निरीक्षणं लिहितायत. 'बाई, तिचं अक्षर चांगलं आहे', हे कारण. कुणी दादागिरी करत नव्हतं, सगळं आपोआप होत होतं, आणि म्हणूनच मला ते जास्त खटकलं. मी गट करताना पाळ्या लावते, जो आज लिहील तो पुढच्या वेळी भिंग धरणार. पहिले काही तास कुरकुर होते, मग कुणाच्या लक्षातही राहत नाही. हे शिक्षकाने मुद्दाम करावं लागतं. जिथे करत नाहीत, मुलींची रांग वेगळी, मुलांची वेगळी आणि दोघं बोलले की चिडवाचिडवी, तिथे एकत्र शिकण्याचा काही उपयोग नाही.

म्हणून प्रवेशाआधी दोन्ही शाळा शाळेच्या वेळात बघून या. मधल्या सुट्टीत मैदान कुणाकडे असतं? प्रयोगशाळेच्या कपाटाला धूळ आहे का? मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी, पाणी, झाकणाचा डबा आहे का? सहावी-सातवीत पाळी सुरू झाली की यावरून मुली शाळा बुडवतात. मुलींच्या शाळेतही हे गृहीत धरू नका. वर्गशिक्षिका मुलींना नावानिशी उभं करून विचारतात का, तेही पाहा.

दहा वर्षांच्या मुलीला रोज घाटकोपर ते दादर गर्दीच्या लोकलने पाठवायचं, तेही वर्षानुवर्षं, हे मला पटत नाही. तो वेळ तिला खेळायला, वाचायला, झोपायला हवा. मात्र तुमची लेक वर्गात तोंडच उघडत नसेल आणि घराजवळच्या शाळेत वर सांगितलेलं काहीच दिसलं नाही, तर दादरचा विचार जरूर करा. तशा वेळी निदान सातवीपर्यंत तिच्यासोबत जाणारं कुणी घरात आहे का, ते आधी ठरवा.