वर्गात एकट्या पडणाऱ्या प्रज्ञावान मुलाला एक इयत्ता पुढे घालावे का?

आपण लिहिले आहे की चौथीतला आपला मुलगा सातवीची गणिते सोडवतो, पण मधल्या सुट्टीत एकटा बसतो, बुद्धिबळात हरला की रडतो, आणि शाळेने त्याला एक इयत्ता पुढे घालण्याचे सुचवले आहे. अनेक वर्षे प्राथमिक शाळेत शिकवल्यानंतर माझे मत असे की हा निर्णय घाईने घेऊ नये. आधी त्याच्या आवडीची दोन-तीन मुले त्याला मिळवून द्यावीत.

हरल्यावरचे रडणे हा लाडावलेपणा नव्हे. त्याची बुद्धी बारा वर्षांची असली तरी अपयश पचवण्याची ताकद नऊ वर्षांचीच आहे, आणि ही विषम वाढ प्रज्ञावान मुलांत नेहमी दिसते. न्यूयॉर्कच्या शाळांत अशा मुलांसोबत काम केलेल्या मानसशास्त्रज्ञ लेटा हॉलिंगवर्थ यांनीही नोंदवले होते की बुद्धी जितकी असामान्य, तितके समवयस्कांत सोबती मिळणे कठीण.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. एखादी वेलांटी चुकली तरी ती खोडरबराने कागद फाटेपर्यंत घासायची आणि मग अख्खे पान नव्याने लिहायची. 'हुशार' याखेरीज स्वतःविषयी तिने काही ऐकलेलेच नव्हते, त्यामुळे चूक झाली की आपण कोणीच उरलो नाही असे तिला वाटे. मग मी फळ्यावर मलाही न येणारी कोडी घेऊ लागले आणि माझ्या चुकलेल्या पायऱ्या पुसेनाशी झाले. काही आठवड्यांनी तिने काट मारलेली ओळ तशीच ठेवून वही तपासायला दिली. ते पान मला आजही आठवते.

शाळेशी बोलताना दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. काम लवकर संपले म्हणून त्याच धाटणीची आणखी दहा उदाहरणे त्याला देऊ नयेत, आणि मागे पडलेल्यांना शिकवण्याचे काम रोज त्याच्यावर टाकू नये, कारण त्यातून तो इतरांचा मित्र न राहता छोटा मास्तर होतो. फक्त गणिताच्या तासाला वरच्या वर्गात बसवून पाहता येईल. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विषयवार मंडळांचा, म्हणजे एकाच विषयाची आवड असलेल्या मुलांच्या गटांचा, उल्लेख आहे, त्याचा आधार घेऊन मुख्याध्यापकांकडे गणित मंडळ मागावे. पुण्याजवळ राहत असाल तर 1962 पासून प्रज्ञावान मुलांच्या शिक्षणाचे काम करणाऱ्या ज्ञान प्रबोधिनी या संस्थेकडे जरूर चौकशी करावी. आणि घरी त्याच्याशी बुद्धिबळ खेळताना आपण हरलात, तर कुठली चाल चुकली ते त्यालाच विचारावे.