भावाचा अपघातात पाय गेला. सरकारी खात्यातले साहेब म्हणतात स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दे. कोर्टात जावं का? वकिलाचा खर्च किती येईल?

आधी एक करा. भावाला कुठल्याही कागदावर सही करू देऊ नका. बाकीचं नंतर बघू.

हे एवढं ठासून सांगते, कारण 2018 साली आमच्या आबांच्या हातात पेन दिलेलं होतं. आबा इथं कोल्हापुरातच एका सरकारी कार्यालयात ड्रायव्हर. साखरेनं दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब झाले. दिव्यांगत्वाचा दाखला मिळाला आणि दुसऱ्याच आठवड्यात साहेबांनी केबिनमध्ये बोलावून टाईप केलेला अर्ज पुढं सरकवला. ‘स्वेच्छेने’ हा शब्द त्यात आधीच होता, फक्त सही राहिलेली. नोकरीची नऊ वर्षं बाकी. आबांना ती ओळ वाचताच येईना, म्हणून ‘पोरीला दाखवून आणतो’ म्हणाले. तेवढ्यानं वाचलो.

संध्याकाळी काका येऊन बसले. ‘सरकारशी भांडून कुणाचं भलं झालंय? मिळतात ते पैसे घे. नाहीतर साहेबांच्या घरी जाऊन हात जोड, देवमाणूस आहे.’ मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. हात कशासाठी जोडायचे, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, कलम 20, पोटकलम 4. हे भावाला पाठ करायला लावा. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही, खालच्या पदावरही टाकता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगाराचं दुसरं पद द्यायचं. तसं पद रिकामं नसेल तर मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर, म्हणजे मंजूर पदांखेरीजच्या जादा पदावर, ठेवायचं. ही काही नवी मेहेरबानी नाही, 1995 च्या कायद्यातही कलम 47 होतंच. त्यावर कुणाल सिंग नावाच्या कॉन्स्टेबलचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. त्याचाही पायच गेला होता. निकाल 2003 चा: पेन्शन देऊन घरी बसवलं म्हणून त्याचा नोकरीवरचा हक्क संपत नाही.

आम्ही अर्ज करायला कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्याकडे गेलो. मी सांगत होते, तो बडवत होता. कागद हातात आला तर शेवटी त्यानं आपल्या मनानं घातलेलं, ‘तरी माझ्या गरीब परिस्थितीचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती.’ म्हटलं, ही ओळ काढा. तो म्हणाला, ‘ताई, सगळेच घालतात.’ आबाही म्हणाले, राहू दे. मी नाही राहू दिली. पुन्हा टाईप करून घेतलं, त्या जागी कलम घातलं, दोन प्रती काढल्या आणि कार्यालयात जाऊन एकीवर पोचेचा शिक्का घेतला.

त्यानंतर पाच महिने पगार बंद. आईची पाटली त्यातच गेली. पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार केली, दोन तारखा झाल्या. दुसऱ्या तारखेनंतर कार्यालयानं आबांना चौकशीच्या खिडकीवर बसवलं, पगार तोच. नेहमीचे लोक ते आवाजावरून ओळखतात.

काका अजून लग्नाकार्यात सांगतात, ‘साहेब चांगले होते म्हणून झालं.’ साहेब चांगले होते तर पाच महिने आमच्या घरात पगार का आला नाही? दयेवर मिळालेलं काम पुढचा साहेब काढून घेतो. कलमावर मिळालेलं काढायला त्याला लेखी कारण द्यावं लागतं.

खर्चाचं विचारलंत. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. नेमून दिलेला वकील पाट्या टाकतोय असं वाटलं तर बदलून मागा.

कोर्टात लगेच जाऊ नका, आधी आयुक्त. मात्र आयुक्त शिफारस करतात. ती मानली की नाही आणि नसेल तर का, हे कार्यालयाला तीन महिन्यांत कळवावं लागतं. नाहीच मानली तर उच्च न्यायालय, आणि 18 ऑगस्ट 2025 पासून त्याचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरातच आहे. आम्हाला त्या वेळी मुंबई गाठावी लागली असती.

एक राहिलंच. हे पोटकलम सरकारी आस्थापनांसाठी आहे, खासगी कंपनीला लागू नाही. आणि भाऊ कायम आहे की कंत्राटी, हे तुम्ही लिहिलेलं नाही. कंत्राटी असेल तर प्रकरण अवघड आहे, वरचं सगळं जसंच्या तसं धरून चालू नका. सही आधीच झाली असेल तर तेही आजच सांगा, आणि अर्ज मंजूर झाल्याचं पत्र हातात यायच्या आत तो मागे घेतल्याचं लेखी देऊन पोच घ्या.