पुढच्या दाताचा कोपरा तुटला तर बाँडिंग करावं की कॅप?

तुम्ही लिहिलंय की इंदूरला १७ वर्षांच्या मुलाला क्रिकेटचा बॉल लागून वरच्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला. एक डॉक्टर कॅप (अख्ख्या दातावर बसणारं आवरण) सांगतात, दुसरे बाँडिंग (दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट नावाचं साहित्य चिकटवून कोपरा घडवणं), आणि घरच्यांना वाटतंय की बाँडिंग पहिल्याच भुट्ट्याला निघून येईल.

तुटलेल्या जागी लाल ठिपका किंवा रक्त नसेल, दात हलत नसेल, ठणकत नसेल, तर बाँडिंगच करा. कॅपसाठी दात चहूबाजूंनी साधारण १ ते १.५ मिलिमीटर घासावा लागतो. या वयात दाताची नस मोठी असते, म्हणून तिला इजा व्हायची भीती जास्त, आणि घासलेला दात काही परत येत नाही. लाल ठिपका दिसला तर मात्र त्याच दिवशी दाखवा, आधी नसेचा इलाज. तुटलेला तुकडा सापडला असेल तर पाण्यात किंवा दुधात ठेवून सोबत न्या. नीट बसला तर तोच चिकटवतात आणि रंग जुळवायची कटकटच उरत नाही. दुखतंय म्हणून लवंगेचं तेल लावू नका, त्यातलं युजेनॉल कॉम्पोझिटला नीट घट्ट होऊ देत नाही.

आता हे चिकटतं कसं ते पाहा. आम्ल लावलेल्या इनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थरावर, प्लास्टिकसारखं रेझिन घट्ट धरतं, हे दंतसंशोधक मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ साली दाखवलं. त्यांनी ८५ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिड वापरलं होतं, आज साधारण ३७ टक्क्यांचं जेल वापरतात. इनॅमलवर १५ ते ३० सेकंद, आतल्या पिवळसर डेंटिनवर १५ सेकंदांपेक्षा जास्त नाही. धुवून वाळवलं की चकचकीत इनॅमल खडूसारखं पांढरं, निस्तेज दिसतं. तिथे डोळ्यांना न दिसणारे बारीक खड्डे पडलेले असतात. बाँडिंगचा पातळ द्रव त्यांत झिरपतो, निळ्या लाइटने कडक होतो आणि खुंट्यांसारखा रुतून बसतो. कॉम्पोझिट धरून राहतं ते या खुंट्यांच्या जोरावर.

आणि नेमकं इथेच काम बिघडतं. वाळवलेल्या जागेला जिभेचा ओझरता स्पर्श झाला तरी थुंकीचा थर ते खड्डे बुजवतो. मग पुन्हा जेल लावावंच लागतं. तसंच पुढे रेटलं तर कोपरा काही महिन्यांत अख्खा सुटून हातात येतो. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, रबर डॅम (थुंकी अडवणारा रबरी पडदा) लावणार का? रंगही दात ओला असतानाच, कामाच्या सुरुवातीला ठरवायला हवा. वाळलेला दात जास्त पांढरा दिसतो, त्यावर जुळवलेला रंग दोन दिवसांनी वेगळा उठून दिसतो.

कॉम्पोझिट एकदम भरत नाहीत. २ मिलिमीटरपेक्षा जाड थर नको, कारण लाइट खोल पोचत नाही, आणि घट्ट होताना साहित्य थोडं आकसतं. थर जाड असेल तर त्या ओढीने कडेला फट पडते. शेवटी रंगीत कागद चावायला देऊन उंची तपासतात. तेव्हा मुलाला खालचा जबडा पुढे सरकवूनही चावायला सांगा. नुसतं सरळ चावून पाहिलं तर पुढे घासणारा कोपरा लक्षात येत नाही, आणि तोच आधी तुटतो. वरचा थर हवेमुळे चिकट राहतो. तो डिस्कने घासून चकचकीत केला नाही तर पोह्यांची हळद आणि चहा सगळ्यात आधी तिथेच डाग पाडतात. दात पांढरे करून घ्यायचे असतील तर ते आधी, मग दोन आठवडे थांबून बाँडिंग.

पहिले दोन दिवस हळद-चहा टाळा. भुट्टा दातांनी न तोडता दाणे काढून खायचा, ऊस दातांनी सोलायचा नाही, नखं कुरतडायची नाहीत. एवढं पाळलं तर साधारण ५ ते ७ वर्षं, कधी त्याहूनही जास्त टिकतं. टवका उडाला तर सहसा तेवढाच भाग भरता येतो, कॅपमध्ये ही सोय नाही.

कोपरा छान जमला तरी मार लागलेली नस पुढे कधीतरी मरू शकते. ६ ते ८ आठवड्यांनी आणि मग वर्षाने एक्स-रे काढून दात तपासून घ्या. मधेच दात करडा पडायला लागला किंवा वर हिरडीवर पुळी आली तर तारखेची वाट पाहू नका.