भूमध्य समुद्रातील क्रूझच्या थांब्यावर खाजगी गाईड घ्यावा का?

आपण विचारले आहे की, वयस्कर आई-वडिलांना घेऊन क्रूझवर जाताना नेपल्सच्या थांब्यावर जहाज कंपनीची बसची सहल घ्यावी की स्वतंत्र गाईड ठरवावा, आणि स्वतंत्र गेल्यास जहाज चुकण्याची भीती कितपत खरी आहे. भीती खरी आहे, पण तिचा जेवढा बाऊ केला जातो तेवढी नाही. याच प्रश्नावरून आमच्या घरात २०२३ च्या सप्टेंबरपासून वाद चालू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी धाराशिव जिल्ह्यातील एका शाळेत अठ्ठावीस वर्षे इतिहास शिकवला. आमच्या जिल्ह्यातील तेर म्हणजे 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात आलेले तगर. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ते आहे आणि तेथील माल गाड्यांवरून आडरानातून भडोचच्या बंदरात जातो, असे त्या अज्ञात व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननात तशाच घडणीच्या मूर्तीचा खालचा भाग सापडला. आणि या दोघींची तिसरी बहीण १९३८ मध्ये नेपल्सजवळच्या पॉम्पेई या प्राचीन शहरात पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी यांच्या उत्खननात निघाली; ती आज नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. व्हेसुव्हियस ज्वालामुखीने इ.स. ७९ मध्ये ते शहर गाडले, म्हणजे ही मूर्ती त्याआधीच तेथे पोहोचलेली होती, हे सांगायला दुसरा पुरावा लागत नाही. क्रूझला मी होकार दिला तो केवळ तिच्यासाठी; एरवी जहाजावरच्या तलावाकाठी पंचा गुंडाळून बसण्याची मला हौस नव्हती.

सहलीचे सर्व आरक्षण माझ्या धाकट्या दिरांनी केले होते. ते पुण्यात असतात आणि प्रत्येक गोष्टीचा तक्ता करतात. त्यांनी प्रथम निवडलेले जहाज नेपल्सला मंगळवारी लागत होते आणि ते संग्रहालय मंगळवारी बंद असते. मी ते जहाज बदलायला लावले, त्याचा राग त्यांच्या मनात होताच. त्यात मी जेव्हा म्हटले की जहाजाच्या सहलीत संग्रहालय नाही, तेव्हा आपण चौघे मिळून एक गाईड आणि गाडी ठरवू, तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, वीतभर बाहुलीसाठी चार माणसांचे जहाज पणाला लावायचे का? जहाज कुणासाठी थांबत नाही." मूर्ती साधारण पंचवीस सेंटीमीटर उंच आहे, तेव्हा वीतभर हे मापाने चुकीचे नव्हते, बाहुली हा शब्द मात्र मला लागला.

हिशेब सांगते, कारण आपणही चौघेच असणार. आम्हाला सहा तासांची गाडी आणि परवानाधारक गाईड मिळून ४०० युरो पडले. जहाजाची बस माणशी ९० युरो होती, म्हणजे चौघांचे ३६०. भावोजींनी ४० युरो आणि एक भीती वाचवण्यासाठी जाऊबाईंसह जहाजाची बस धरली, आणि आम्हा दोघांना गाईडचा खर्च बसच्या दुपटीहून अधिक पडला. दोन माणसांनी खाजगी गाईड घेणे ही चैन आहे, चौघांनी घेणे हा व्यवहार आहे.

ठरवताना एक गोष्ट मात्र पारखून घ्यावी. इटलीत पुरातत्त्वीय स्थळांच्या आत माहिती सांगण्यासाठी गाईडला वेगळा परवाना लागतो. 'खाजगी टूर' या नावाखाली पुष्कळदा केवळ इंग्रजी बोलणारा चालक मिळतो, तो गाडीत गोड बोलतो आणि पॉम्पेईच्या दारात आपल्याला सोडून कॉफी प्यायला जातो. पत्रव्यवहारातच स्पष्ट विचारावे की आत आमच्याबरोबर कोण चालणार. आमची गाईड पुरातत्त्वाची पदवीधर होती. तिने तीन पत्रांमध्ये मला उलट इतके प्रश्न विचारले की ती मला तेव्हाच पटली. यजमानांचे गुडघे दुखतात हे कळल्यावर तिने पोर्ता मरीना या दाराचा चढ टाळून अँफिथिएटरच्या चौकातील दाराने आम्हाला आत नेले. त्या बाजूने चाकाच्या खुर्चीलाही जाता येईल असा सपाट मार्ग केलेला आहे. आपल्या आई-वडिलांसाठी हे दार लक्षात ठेवावे, कारण बाकी रस्ते मोठ्या ओबडधोबड दगडांचे असून त्यांत गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या दोन हजार वर्षांनंतरही पाय मुरगळायला पुरेशा खोल आहेत.

पॉम्पेईचे वर्णन करीत नाही, ते सर्वत्र मिळेल. मला पाहायचे होते ते 'भारतीय मूर्तीचे घर'. शहराच्या मुख्य रस्त्याजवळचे हे एक मध्यम घर आहे आणि आम्ही गेलो तेव्हा ते बंद होते. जाळीतून मी दहा मिनिटे आत पाहत उभी राहिले. पंचेचाळीस जणांच्या घोळक्यात कानाला यंत्र लावून फिरताना एका बंद दारासमोर दहा मिनिटे कुणी उभे राहू देईल का, एवढाच प्रश्न मी पुढे भावोजींना विचारला होता. त्यांनी उत्तर दिले नाही.

दुपारी संग्रहालयात गेलो. मूर्ती 'गुप्त दालनात' आहे, म्हणजे पॉम्पेईतील कामचित्रे आणि तशाच वस्तू जिथे दीर्घकाळ कुलूपबंद ठेवल्या होत्या त्या दालनात. हे मला मुळीच आवडले नाही. मनगटापासून वर चढत गेलेल्या बांगड्या, नडग्या झाकणारे वाळे, दोन बाजूंना दोन लहान सेविका आणि पाठीवर बारकाईने कोरलेली वेणी, अशी ही यक्षी केवळ वस्त्र कमी आहे म्हणून त्या पंगतीत बसवली आहे. आपल्याकडच्या कोणत्याही लेण्याच्या दारात ती उभी असती तर लोकांनी तिला हात जोडले असते. सुरुवातीला तिला लक्ष्मी म्हटले गेले, ते आता फारसे कुणी मानत नाही. डोक्यात वरून भोक आहे, त्यामुळे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या लहान चौरंगाचा पाय असावी असे म्हणतात.

तळाशी खरोष्ठी या वायव्य भारतातील प्राचीन लिपीतले अक्षर आहे, तेव्हा मूर्ती वायव्येकडून आली असावी, असे गाईडने सांगितले. मी तिला मोबाईलवर भोकरदनच्या तुकड्याचे छायाचित्र दाखवले. त्यात पायांकडचाच भाग उरला आहे, पण दोन बाजूंच्या सेविका तेथेही आहेत. घडण भोकरदनची आणि अक्षर वाटेतल्या कुणा जोडकाम करणाऱ्याच्या खुणेचे, असेही होऊ शकते, असे मी म्हणाले. माझे इंग्रजी पाठ्यपुस्तकी आहे, तरी ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग तिने वही काढली, 'तेर' आणि 'भोकरदन' ही नावे कशी लिहायची ते विचारले आणि माझ्यासमोर लिहून घेतली. मूर्तीच्या काचेपाशी आम्ही पाऊण तास होतो आणि यजमान तेवढा वेळ बाकावर गुडघा चोळत बसले होते.

आता जहाजाच्या भीतीविषयी. दूरचे आधी पाहावे आणि बंदराजवळचे शेवटी, एवढे पथ्य पाळले की धोका जवळजवळ संपतो. पॉम्पेई बंदरापासून सुमारे पंचवीस किलोमीटर आहे, ते सकाळी आटोपले. संग्रहालय शहरातच, बंदरापासून दोन किलोमीटरवर. जहाजावर परतण्याची शेवटची वेळ साडेचारची होती आणि आम्ही चार वाजून दहा मिनिटांनी डेकवर लिंबूपाणी पीत होतो. जहाजाची बस चार पस्तीसला आली. तिने पॉम्पेईत दीड तास दिला आणि परतीच्या वाटेवर तोर्रे देल ग्रेकोमध्ये पोवळी आणि शिंपल्यावर कोरलेल्या दागिन्यांच्या दुकानात सर्वांना पाऊण तास कोंडले. जाऊबाईंनी तेथे एक ब्रोच घेतली, ती त्यांनी अद्याप लावलेली नाही. मला वाटले, आता वाद मिटला. परंतु भावोजी गँगवे चढतानाच म्हणाले, "पाहिलेत वहिनी, जहाज थांबले ना आमच्यासाठी?" ते खरेच आहे, जहाज स्वतःच्या सहलीसाठी थांबते, आपल्या गाईडसाठी थांबत नाही. मात्र ज्या दुकानामुळे उशीर झाला ते दुकानही त्याच सहलीचा भाग होते, हा माझा मुद्दा त्यांना आजतागायत मान्य नाही.

हे सर्व नेपल्सपुरते आहे, हे मी आधीच सांगायला हवे होते. चिवितावेक्कियाच्या बंदराहून रोम सुमारे ऐंशी किलोमीटरवर आहे आणि लिवोर्नोच्या बंदराहून फ्लोरेन्सही जवळ नाही. तेथे वयस्कर माणसांना घेऊन मी बसच घेईन. ग्रीसमधील सँतोरिनी बेटासारख्या ठिकाणी जहाज धक्क्याला लागत नाही, लहान होडीने उतरावे लागते, आणि त्या होड्यांमध्ये जहाजाच्या सहलीवाल्यांना बहुधा आधी सोडतात. पॉम्पेईत नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० लोकांचीच मर्यादा असून तिकिटावर नाव लागते, तेव्हा तिकीट गाईड काढणार की आपण, हे आधी ठरवावे. पासपोर्ट जहाजाने ठेवून घेतला असल्यास त्याची आणि व्हिसाची प्रत, तसेच बंदरातील जहाजाच्या एजंटचा क्रमांक जवळ असावा. क्रूझ मध्येच तुर्कस्तान किंवा ट्यूनिशियाला जात असेल तर शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. आणि आपल्या आई-वडिलांना गाईडला विचारण्यासारखे स्वतःचे काही नसेल, तर ते पैसे वाचवावेत. बसमधली माहिती वाईट नसते, ती फक्त सर्वांसाठी सारखी असते.

खरे सांगायचे तर नुसत्या संग्रहालयासाठी गाईडही लागत नाही. बंदरासमोरच्या मुनिचिपिओ स्थानकावरून मेट्रोच्या १ क्रमांकाच्या मार्गाने तिसरे स्थानक म्हणजे म्युझेओ, बाहेर आले की समोर संग्रहालय. गेल्या दिवाळीत जाऊबाईंनी भावोजी अंगणात असताना मला हळूच हेच विचारले, आणि मी त्यांना स्थानकांची नावे कागदावर लिहून दिली, खाली मंगळवारी बंद असते हेही.